सहा पायांचा बैल

लेकीच्या, अपेक्षाच्या वर्षश्राद्धाला एकवीस दिवस उरले होते, तेव्हा चंपतरावांनी हातमागाच्या खड्ड्यावरच्या फळ्या उचलल्या.

नऊ वर्षं त्या फळ्या तिथंच होत्या. त्यांच्यावर कौसल्याबाईंनी गव्हाची कोठी ठेवली, पाहुण्यांच्या गाद्या ठेवल्या, एका उन्हाळ्यात तर कूलरही ठेवला. नंदनवन वस्तीतल्या त्या गल्लीत एकेकाळी घराघरातून मागाचा खटखटाट चालायचा. आता खाली गाड्या आणि वर तीन मजले अशी घरं झाली होती. खड्डा बुजवा, टाइल्स लावा, बैठक मोठी होईल, असं चंपतरावांना शेजाऱ्यांपासून नातेवाइकांपर्यंत सगळ्यांनी सांगून पाहिलं. ते ऐकून घेत आणि काहीच करत नसत. माग चालवायचा नाही आणि मोडायचाही नाही, असा हा माणूस. हट्टाला काही कारण लागतं, असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.

"काय करून राहिले जी?" कौसल्याबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"माग लावून राहिलो."

"आता? कोनासाठी?"

चंपतरावांनी शेवटची फळी भिंतीला टेकवली. कौसल्याबाई हात पुसत बाहेर आल्या. नवऱ्याच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला एक जुना कागद होता. तो पाहिल्यावर त्यांनी पुढं काही विचारलं नाही. फडा घेतला आणि खड्ड्यातली जळमटं काढायला लागल्या.

तो कागद दोन दिवसांपूर्वी जावयानं आणून दिला होता. जितेंद्र धरमपेठेतलं भाड्याचं घर सोडून उमरेडला आपल्या गावी परत चालला होता. आवराआवर करताना त्याला अपेक्षाच्या कपाटात तिची फाइल सापडली. दहावीची मार्कशीट, बारावीची मार्कशीट, लॅबच्या कोर्सचं सर्टिफिकेट, आणि सगळ्यात खाली चार घड्या घातलेला चौकटींचा कागद. घड्यांवर फाटलेला, मागून टेपनं चिकटवलेला.

"हे तुमच्याकडेच असू द्या, बाबा," जितेंद्र म्हणाला. "मले काही समजत नाही यातलं. पन तिनं सांभाळून ठेवलं होतं."

चंपतरावांनी कागद उघडला आणि त्यांच्या तोंडून निघालं, "सहा पायांचा बैल."

हा बैल घरात प्रसिद्ध होता. अपेक्षा सात वर्षांची असताना तिनं तो काढला होता. बैलाच्या अंगावर चौकड्याची मोठी झूल. शिंगं दोन, पण तोंड काढायलाच पोरगी विसरलेली. पोटाच्या मधोमध पिवळा गोळा, म्हणजे बैलानं सूर्य गिळलेला. आणि पाय सहा. चार काडीसारखे बारीक, दोन जाडजूड, त्यांना पुन्हा पाच-पाच बोटं. एका जाड पायाच्या मोठ्या बोटाला लाल रंग फासलेला. तीस वर्षं हा बैल पाहुण्यारावळ्यांना सांगून झाला होता. पोळा आला की कोणीतरी हटकून विचारायचं, काय अपेक्षा, तुझा बैल नाही आणला पूजेला? आणि अपेक्षाही सगळ्यांबरोबर हसायची.

पण ज्या दिवशी तो काढला गेला त्या दिवशी कोणी हसलं नव्हतं. तो दिवस चंपतरावांना आता रोज आठवत होता.

मागावर बसणारा माणूस खड्ड्याच्या काठावर बसतो आणि पाय खाली सोडतो. खाली लाकडी पट्ट्या असतात, त्या पायांनी दाबल्या की दोऱ्या ओढल्या जातात आणि वरचा ताणा, म्हणजे उभे धागे, उघडतो. तो खड्डा म्हणजे अपेक्षाचं घर. शाळेतून आली की ती खड्ड्यात उतरायची आणि बापाच्या पायांसमोर भिंतीला टेकून बसायची. सुटलेली दोरी बांधणं, खाली पडलेली सुताची कांडी वर देणं, ही तिची कामं. उरलेल्या वेळात तुटक्या धाग्यांचे पक्षी कर, कोळशानं भिंतीवर रेघा मार, असं चालायचं. मधूनमधून खालून आवाज यायचा, "बाबा, झालं का?"

"होऊन राहिलं," चंपतराव वरून म्हणायचे. हाताखालचं काम सोडून खाली पाहायची त्यांना सवय नव्हती.

एके दिवशी विणकर सोसायटीनं दिलेला नक्षीचा कागद सापडेना. ऑर्डरची किनार त्यावर चौकटी भरून काढलेली होती. थोड्या वेळानं अपेक्षा खड्ड्यातून वर आली, हातात तोच कागद. मागच्या बाजूला खडूंनी रंगवलेलं चित्र. "बाबा, मले हे विणून द्या ना," ती म्हणाली.

चंपतरावांनी कागद हिसकला आणि तिच्या थोबाडीत मारली. "नक्षीच्या कागदावर बैल काढते? आन् बैलाले सहा पाय असतात का?"

पोरगी रडली नाही. काही बोललीही नाही. कौसल्याबाईंनी तिला आत नेलं. चंपतरावांनी त्या रागातच नक्षी दुसऱ्या कागदावर उतरवून घेतली आणि जुना कागद फेकून दिला. तो तिनं कधी उचलला, कुठं ठेवला, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यानंतर तिनं चित्र काढलेलं कोणाला आठवत नाही. ती मोठी झाली, धंतोलीतल्या एका लॅबमध्ये लागली. सोळा वर्षं विदर्भभरातून आलेल्या लोकांचं रक्त तपासलं. आणि त्याच धंतोलीत, एका दवाखान्यात, अकरा दिवसांच्या तापानं गेली. सदतिसावं लागलं होतं.

तिनं आयुष्यात बापाकडं मागितलेल्या वस्तू मोजक्याच. सगळ्या दिल्या होत्या, ही एक सोडून. ती आता वर्षश्राद्धाच्या आत द्यायची, एवढंच चंपतरावांनी ठरवलं होतं. त्यानं काय होणार, हे त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही. विचारलं असतं तर हात चालला नसता.

गल्लीच्या टोकाला बाबनराव राहत. ते अजून मागावर बसणारे शेवटचे. त्यांनी दोन हात कापडापुरता ताणा तयार करून दिला आणि उरल्यासुरल्या रंगीत सुताच्या लड्या दिल्या. ताणा जोडायला स्वतः येऊन बसले. कागद पाहिल्यावर म्हणाले, "बैल आहे का गा हा?"

"अपेक्षाचा आहे," चंपतराव म्हणाले. बाबनरावांनी मान खाली घातली आणि धागे जोडत राहिले.

चित्र विणणं ही चंपतरावांची विद्या नव्हे. त्यांची विद्या करवती किनारीची. तीत तीन धोटे चालवायचे, म्हणजे धागा नेणाऱ्या तीन लाकडी होड्या, आणि किनारीचा रंग मधल्या रंगात दात घालून अडकवत न्यायचा. पण ज्याला तीन जमतात त्याला दहाही जमवता येतात, फक्त जीव लावून बसावं लागतं. चंपतराव बसले. घरापुढं तीन मजली इमारत झाल्यापासून बैठकीत दिवसाही अंधार असे. म्हणून मागाच्या वर लोंबणारा जुना बल्ब त्यांनी लावला. पहिले चार दिवस धागे तुटत राहिले. पाचव्या दिवशी हाताला आपलं काम आठवलं.

आणि तिथंच घोटाळा झाला. विणकराचा हात हा मोठा शहाणा असतो. वाकडं दिसलं की सरळ करतो, चुकलं की उसवतो. त्याला कोणी सांगावं लागत नाही. अपेक्षाची झूल एका बाजूनं फुगलेली होती, ती हातानं समान केली. पाय आले तेव्हा चंपतराव थोडा वेळ थांबले. मग त्यांनी चार विणले, सारखे, मजबूत. सूर्य पोटातून काढून आभाळात नेला. सूर्याची जागा आभाळातच. पायाचा लाल रंग शिंगांना दिला, कारण पोळ्याला शिंगंच रंगवतात. एक डौलदार तोंडही जोडलं. आपण काही बदलतो आहोत असं त्यांना वाटलंच नाही. पोरीच्या चित्राला आपण नीटनेटकं करतो आहोत, तिची इज्जत राखतो आहोत, असं वाटलं. तीस वर्षं लोक हसले, आता कोणी हसणार नाही.

असल्या विणीत धाग्यांची टोकं वर राहतात आणि सुबक बाजू खाली, खड्ड्याच्या बाजूला असते. विणकराला दिसते ती उलटी बाजू. काही जण खाली आरसा ठेवून पाहतात. चंपतरावांना आरशाची गरज कधी पडली नव्हती आणि ते हे अभिमानानं सांगत.

तेराव्या दिवशी बैल पुरा झाला. चंपतरावांनी कौसल्याबाईंना हाक मारली, कापड सैल करून त्याची कड उलटवून दाखवली. कौसल्याबाई बराच वेळ पाहत राहिल्या.

"चांगला झाला," त्या म्हणाल्या.

"पन?"

"पन काही नाही."

"बोल ना वं."

"हा कोनाचा बी बैल आहे जी," कौसल्याबाई म्हणाल्या. "बाजारात मिळते असा. तिचा नाही वाटत मले." आणि त्या आत निघून गेल्या. वर्षभरात त्या नवऱ्यासमोर रडल्या नव्हत्या. रडायचं असलं की त्यांना आत काहीतरी काम निघे.

चंपतरावांना राग आला. बायकोचा नव्हे, कसला ते कळलं नाही. त्यांनी कापड पुन्हा ताणलं आणि उरलेली किनार विणायला पट्टी दाबली, तर पायाखालून खट आवाज झाला. पट्टीची दोरी तुटली होती. नऊ वर्षं पडून राहिलेली दोरी ती, किती दिवस टिकणार?

पूर्वी अशा वेळी ते नुसतं "पोरी, दोरी" म्हणत. दोरी आपोआप बांधली जाई. आता अडुसष्टाव्या वर्षी गुडघे धरून त्यांना स्वतः खड्ड्यात उतरावं लागलं. उतरले, तुटकी टोकं शोधली, गाठ मारली. तेवढ्यानंच दम लागला, म्हणून समोरच्या भिंतीला टेकून बसले. भिंतीला कोळशाच्या पुसट रेघा होत्या. आणि मग त्यांनी सहज वर पाहिलं.

वर कापड होतं, आभाळासारखं पसरलेलं. कापडाच्या मधोमध पिवळा गोळा. मागाच्या वरचा बल्ब विणीतून दिसत होता, बरोबर पोटात.

चंपतराव पाहत राहिले. कापडापासून खाली चार दोऱ्या आल्या होत्या, बारीक, सरळ, पट्ट्यांना बांधलेल्या. कापडाच्या कडेला धोटा अडकून राहिला होता आणि त्याची दोन टोकं शिंगांसारखी वर आली होती. त्या वर्षी मागावर चौकड्याचं लुगडं होतं, हेही त्यांना आत्ता आठवलं. झूल नव्हती ती. सगळं जिथल्या तिथं होतं. कमी होते फक्त दोन जाड पाय, पाच-पाच बोटांचे. ते नव्हते, कारण पायांचा धनी खाली येऊन बसला होता.

बैल तिनं म्हटलंच नव्हतं. बैल ते म्हणाले होते. तिनं बापाला काढलं होतं, तिला जेवढा दिसायचा तेवढा.

कौसल्याबाई बाहेर आल्या तेव्हा माग रिकामा होता. त्या घाबरल्या. मग खड्ड्यातून आवाज आला. "माह्या अंगठ्याले लाल चिंधी होती का वं कधी?"

"काय झालं जी? पडले का?"

"सांग ना. होती का?"

कौसल्याबाई काठावर बसल्या. विचार करून म्हणाल्या, "होती ना. पोळ्याच्या आधी. पट्टीनं अंगठा फुटला होता तुमचा. तुमी बांधून घ्यायले उठतच नव्हते, ऑर्डर होती म्हणून. मंग तिनंच बांधली, खाली बसून. तुमचं विणनं चालूच होतं." त्या खाली वाकल्या. "काहून?"

चंपतरावांनी कागद वर धरला. कौसल्याबाईंनी तो घेतला, चष्मा लावला, खाली बसलेल्या नवऱ्याकडं पाहिलं, मागाकडं पाहिलं, पुन्हा कागदाकडं. मग त्यांनी पदर तोंडाला लावला. या वेळी त्या आत गेल्या नाहीत.

"तिनं सांगतलं काहून नाही?" चंपतराव म्हणाले. "इतके वर्षं हसत राहिली आपल्यासंग. एक बार तरी सांगायचं होतं."

"तुमी विचारलं होतं का?" कौसल्याबाई म्हणाल्या. चिडून नाही. नुसतं विचारलं.

त्याच दुपारी चंपतरावांनी बैल उसवायला घेतला. तेरा दिवसांचं काम उसवायला दोन दिवस गेले. धागा तुटू नये म्हणून एकेक फेर हातानं काढावा लागला आणि कौसल्याबाई समोर बसून निघालेलं सूत कांड्यांवर भरत राहिल्या. मग त्यांनी पुन्हा विणायला घेतलं, कागद डोळ्यांसमोर मागाच्या खांबाला लावून, रात्रीही बल्बखाली बसून. या खेपेला काम फार जड गेलं. झूल फुगलेली तर फुगलेलीच विणायची. हात सरळ करायला धावे आणि चंपतराव त्याला मागं ओढत. आयुष्यभर जे चूक म्हणून उसवलं ते आता मुद्दाम जपायचं होतं. दिवसातून चार-चारदा ते खड्ड्यात उतरत, खालून पाहत आणि गुडघे धरत वर येत. आरसा ठेवा, असं बाबनराव म्हणाले. चंपतराव नको म्हणाले.

वर्षश्राद्धाच्या दिवशी सकाळी पाय तेवढे राहिले होते, जाड दोन. जितेंद्र उमरेडहून आला. विधी झाले, पान वाढलं गेलं, कावळ्यानं घास नेला. जेवणं आटोपल्यावर जावई मागापाशी येऊन उभा राहिला. चंपतरावांनी त्याला सगळं सांगितलं. थप्पडसुद्धा सांगितली. ती आजवर त्यांनी कोणाला सांगितली नव्हती.

जितेंद्रनं खांबावरचा कागद जवळून पाहिला. मग म्हणाला, "तिले लोकायचे पाय ध्यानात राहत, बाबा. तोंडं विसरे. लॅबमध्ये पेशंट आला की पायांवरून ओळखे, हा मागच्या महिन्यात येऊन गेला म्हणून. मी चिडवत होतो तिले." त्यानं अर्धवट कापडावर एकदा हात फिरवला. चारची बस होती. तो गेला.

चंपतराव मागावर बसले. पाय विणायचे होते आणि ते आपले होते, आणि खालून ते कसे दिसतात हे त्यांना माहीत नव्हतं. ते फक्त तिला माहीत होतं. म्हणून कागदावर जसे होते तसेच, बोटं सुपाएवढी तर सुपाएवढी, चौकटीमागं चौकट ते उतरवत गेले. शेवटी लाल सूत घेतलं. बाबनरावांच्या लड्यांत लाल फार थोडं होतं. पण अंगठ्यापुरतं पुरलं.

मग ते खड्ड्यात उतरले आणि भिंतीला टेकून बसले. वर चित्र पुरं झालं होतं. विणलेल्या पिवळ्या गोळ्यामागं खरा बल्ब येऊन उभा राहिला होता. दोऱ्या होत्या, धोटा होता. कापडावरचे पाय होते. त्यांच्याखाली, जिथं खरे पाय असायचे, तिथं काही नव्हतं.

"कौसल्या," त्यांनी हाक मारली. "जरा मागावर बस वं."

"मी?"

त्यांच्या समाजात बायका कांड्या भरत, ताणा लावायला मदत करत, पण मागावर बसत नसत. नको असं कुठं लिहिलेलं नव्हतं, पण चंपतरावांच्या आईपासून कोणी बसलं नव्हतं. कौसल्याबाईंनी दोनदा विचारलं, मग लुगडं सावरून काठावर बसल्या आणि पाय खाली सोडले. टाचा भेगाळलेल्या, घोटे सुजलेले, एका बोटात झिजलेलं जोडवं. बेचाळीस वर्षांच्या संसारात चंपतरावांनी ते पाय असे समोर बसून कधी पाहिले नव्हते. त्यांनी हात पुढं केला आणि तिचा एक पाय पट्टीवर नीट ठेवला. वर कापड थोडं हललं, मधला पिवळा गोळाही हलला.

कौसल्याबाईंना वरून फक्त उलटी बाजू दिसत होती, धाग्यांची टोकंच टोकं. खाली नवरा काय पाहतो आहे ते त्यांना कळेना.

"झालं का जी?" त्यांनी वरून विचारलं.

चंपतरावांनी खालून वर पाहिलं. 

"होऊन राहिलं," ते म्हणाले, आणि तिथंच बसून राहिले.